नाट्यछटा

नाट्यछटा : एकाच पात्राच्या बोलण्यातून एखादा प्रसंग उभा करणारा अत्यंत आटोपशीर गद्य नाट्यप्रकार. बोलणारे पात्र एकटेच दिसत असले, तरी समोर कोणीतरी आहे असे धरून ते बोलते : त्या अदृश्य व्यक्तीला उत्तरे देते, तिच्यावर रागावते, तिची समजूत काढते. स्वगतात पात्र स्वतःशी बोलते आणि एकपात्री प्रयोगात एकच नट अनेक पात्रे वठवतो. नाट्यछटेतले पात्र मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहते आणि बोलते ते दुसऱ्याशी. एकांकिकेत मावणाऱ्या कथानकाला इथे जागा नसते, कारण सारा खेळ काही मिनिटांत संपतो.

हा प्रकार मराठीत रूढ केला तो ‘दिवाकर’ म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांनी. पुण्यात शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या गर्गे यांच्या नाट्यछटा सुमारे १९११ पासूनच्या आहेत. त्यांची एकूण संख्या सामान्यतः ५१ दिली जाते. ‘पंत मेले – राव चढले’, ‘वर्डस्वर्थचे फुलपाखरू’, ‘शिवी कोणा देऊ नये’, ‘कारण चरित्र लिहायचे आहे’, ‘फाटलेला पतंग’ ही त्यांतली काही प्रसिद्ध शीर्षके. माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांच्यासारख्या कवींच्या रविकिरण मंडळात दिवाकर हे गद्यकार म्हणून होते, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्या गद्यातली शब्दांची काटकसर कवितेच्या फार जवळची आहे.

उगमाचा प्रश्न : नाट्यछटेचे मूळ कोठे शोधावे, याबद्दल एकवाक्यता नाही. सर्वाधिक प्रचलित मत असे की, इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग याच्या नाट्यात्म एकभाषितांवरून (ड्रॅमॅटिक मोनोलॉग) दिवाकरांना ही कल्पना सुचली. ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) या कवितेत एक सरदार आपल्या नव्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या दूताला दिवंगत पत्नीचे चित्र दाखवतो. दूत अवाक्षर बोलत नाही. तरी त्याने चित्राकडे कसे पाहिले, तो मागे राहू पाहत असता त्याला बरोबर कसे चालवले, हे सगळे सरदाराच्याच तोंडून कळते. पत्नीच्या मृत्यूला आपणच कारण होतो हेही तो सहज, अभिमानाने बोलून जातो. बोलणाऱ्याने स्वतःला नकळत उघडे पाडावे, हे नाट्यछटेचे मर्म इथे जवळजवळ पूर्णपणे सापडते.

दुसरे मत संस्कृतातील भाण या रूपकप्रकाराकडे बोट दाखवते. भाण हा दशरूपकांपैकी, म्हणजे नाटकाच्या दहा प्रकारांपैकी एक. त्यात एक अंक आणि एकच पात्र असते, बहुधा विट (नागर, रंगेल माणूस). दुसऱ्याचे बोलणे आपल्याच तोंडून वदवून, आकाशातील पुरुषाशी उत्तर-प्रत्युत्तर करीत आणि अंगविक्षेपांची जोड देत भाण करावा, असे नाट्यशास्त्र सांगते (नाट्यशास्त्राचा काळ ढोबळपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा धरतात). धनंजयाच्या दशरूपक या ग्रंथातही (इ. स. दहावे शतक) हेच लक्षण थोड्या फरकाने येते. ‘किं ब्रवीषि’, म्हणजे ‘काय म्हणतोस?’, असे विचारून विट ऐकलेले वाक्य पुन्हा उच्चारतो, आणि हे तंत्र नाट्यछटेशी इतके जुळते की संबंध जोडण्याचा मोह व्हावा. परंतु कालक्रम या मताला फारशी साथ देत नाही. भाणांचा सर्वांत जुना आणि जिवंत संच म्हणजे चतुर्भाणी (पद्मप्राभृतक, धूर्तविटसंवाद, उभयाभिसारिका, पादताडितक, काळ बहुधा गुप्तकाल किंवा त्याच्या आसपास). ती १९२२ मध्ये छापली गेली, आणि तोवर नाट्यछटेला दहाएक वर्षे होऊन गेली होती. उत्तरकालीन काही भाण मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमाला या संस्कृत ग्रंथमालेतून त्याआधीच उपलब्ध होते हे खरे. पण त्यांतला शृंगाराने ओथंबलेला, वर्णनांत रमणारा विट आणि दिवाकरांची मध्यमवर्गीय माणसे यांच्यात नाते दिसत नाही.

तिसरा, कमी चर्चिलेला धागा एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांचा. ‘सत्वर पाव गे मला’ या भारुडात सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि सासरच्या एकेका माणसाच्या नाशाचे मागणे मागते. वरवर पाहता हे एका पात्राचे, ऐकणाऱ्याला उद्देशून केलेले भाषणच आहे. मात्र ते गाण्यासाठी रचलेले, रूपकात्मक, आणि सुनेला हसता हसता अध्यात्माकडे वळणारे आहे. या प्रकारच्या सोंगांनी मराठी श्रोत्याचा कान तयार केला असावा, एवढे म्हणणे पुरेसे ठरेल. तात्कालिक प्रेरणा ब्राउनिंगची, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पद्य टाकून पुण्याच्या घरांतले आणि रस्त्यांवरचे बोलणे जसेच्या तसे उचलणे ही दिवाकरांची स्वतःची कमाई, आणि ती प्रेरणेपेक्षा मोठी आहे.

लेखनतंत्र : नाट्यछटा लिहिताना सर्वांत अवघड भाग म्हणजे न ऐकू येणारे वाक्य ऐकू आणणे. नवशिका लेखक ‘काय? तुमची गाडी चुकली म्हणून तुम्हाला उशीर झाला म्हणता?’ असे पूर्ण वाक्य पात्राकडून वदवतो. त्यात समोरचा माणूस मरतो आणि उरते ते माहितीपत्रक. ‘गाडीचं नाव सांगू नका… कालही गाडीच होती!’ एवढे म्हटले की समोरच्याची सबब, ती देण्याची त्याची सवय आणि बोलणाऱ्याचा पारा तिन्ही कळतात. म्हणजे ऐकलेल्या वाक्याची पुनरुक्ती न करता त्यावरची प्रतिक्रिया लिहायची. भाणातील ‘किं ब्रवीषि’ आणि नाट्यछटा यांच्यात खरा फरक पडतो तो इथेच.

सुरुवात प्रसंगाच्या मध्यातून होते. दिवाकरांच्या छपाईत पहिल्या शब्दाआधी टिंबे आढळतात ती यासाठीच : बोलणे आधीपासून चालू आहे, आपण उशिरा आलो आहोत. वाक्यांमधली टिंबे आणि संयोगरेषा ही विरामाची चिन्हे आहेत, तेवढ्या वेळात समोरचा बोलत असतो. रंगसूचना जवळजवळ नसतात. उठणे, दार लावणे, नाणी मोजणे हे बोलण्यातूनच कळावे लागते. मध्ये कोठेतरी तिसरे माणूस येते (मूल, नोकर, भिकारी) आणि त्याच्याशी बोलताना पात्राचा स्वर बदलतो. पाहुण्यासमोर मधाळ आणि मुलावर कडाडणारा हा दुहेरी स्वर म्हणजे अनेक नाट्यछटांचा कणा होय. शेवटी पात्राला पश्चात्ताप होऊ देऊ नये. त्याला काही कळलेले नसते, ज्याला कळायचे ते प्रेक्षकाला.

लांबीचा अंदाज बोलून पाहूनच येतो. चार मिनिटांच्या प्रयोगासाठी, विराम धरून, साडेतीनशे ते चारशे शब्द पुरतात. त्याहून अधिक लिहिले की विद्यार्थी विराम गिळू लागतो.

प्रयोग : दिवाकरांच्या नाट्यछटा वाचनासाठी होत्या की प्रयोगासाठी, यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येते. रंगसूचनांचा अभाव पहिल्या बाजूने आहे, तर भाषेचा उच्चारी बाज दुसऱ्या बाजूने. आज मात्र हा प्रकार जिवंत आहे तो मुख्यतः सादरीकरणामुळे.

शिकवताना आधी नजर बसवतात. समोरची व्यक्ती किती उंच, उभी की बसलेली, डावीकडे की उजवीकडे, हे ठरले की डोळे दर वेळी त्याच बिंदूवर गेले पाहिजेत. नजर हातभर सरकली तरी अदृश्य माणूस नाहीसा होतो. मग विराम. उत्तर देण्याआधी नटाने समोरच्याचे वाक्य मनात पूर्ण म्हणून घ्यावे, आणि त्यासाठी सरावात दुसऱ्या मुलाकडून ती वाक्ये खरोखर म्हणवून घेणे उपयोगी पडते. प्रयोगात तो मुलगा नसतो, पण त्याचा वेळ राहतो. समोरच्याचा आवाज काढून दाखवणे टाळावे, कारण तसे केले की नाट्यछटा एकपात्री नकलेत घसरते. सामान कमीत कमी : एखादी खुर्ची, फार तर छत्री किंवा पिशवी.

स्पर्धा : शालेय स्नेहसंमेलने, बालनाट्य शिबिरे आणि आंतरशालेय स्पर्धा ही नाट्यछटेची आजची मुख्य ठिकाणे. पुण्यातील नाट्यसंस्कार कला अकादमीने दिवाकरांच्या स्मरणार्थ नाट्यछटा स्पर्धा चालवून या प्रकाराला मोठा आधार दिला आहे. महाविद्यालयीन वयात मुले बहुधा एकांकिकेकडे वळतात. १९६३ पासूनच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने त्या प्रकाराला जी प्रतिष्ठा दिली, ती नाट्यछटेच्या वाट्याला आली नाही.

स्पर्धांसाठी दरवर्षी नव्या संहिता लिहिल्या जातात. त्या पुष्कळदा पालक किंवा शिक्षकच लिहितात, आणि तिथे एक दोष वारंवार दिसतो : आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी झाडे लावा, पाणी वाचवा, मोबाईल सोडा असा उपदेश येतो आणि शेवटचे वाक्य थेट प्रेक्षकांना उद्देशून असते. त्या क्षणी समोरचे अदृश्य पात्र उठून जाते. मुलाला स्वतःच्या घरातले ऐकलेले बोलणे (फोनवर खोटे सांगणारे काका, गुण विचारणारी शेजारीण, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी आजी) लिहायला दिले, तर भाषा आपोआप खरी येते आणि पाठांतराचाही त्रास उरत नाही. दिवाकरांच्या मूळ संहिता सादर करताना जुने शब्द बदलण्याची प्रथा आहे. एखादी वस्तू मुलांना अपरिचित असेल तर ते क्षम्य आहे. पण वाक्यांमधले विराम आणि तुटलेली वाक्ये जोडून सरळ करू नयेत, कारण समोरच्या व्यक्तीचे बोलणे त्या मोकळ्या जागांतच असते.