टोकांना जाड, मध्ये पातळ: हाताने घडवलेली पोलादी फ्रेम

सायकलच्या फ्रेमसाठी वापरल्या जाणाऱ्या उत्तम पोलादी नळीची भिंत मधल्या भागात जेमतेम ०.६ मिलिमीटर, तर टोकांना सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची असते. बाहेरचा व्यास मात्र सर्वत्र सारखाच राहतो, कारण हा फरक नळीच्या आतल्या बाजूला असतो. बर्मिंगहॅममध्ये खिळ्यांचा कारखाना चालवणाऱ्या घराण्यातील आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये अशा नळ्यांचे पेटंट घेतले. पुढे १९३५ मध्ये याच कंपनीने '५३१' या नावाने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळ्या आणल्या आणि हाताने फ्रेम घडवणारे कारागीर त्यांच्यावर अक्षरशः तुटून पडले.

महाग पोलाद अधिक ताठ असते, हा समज खरा नाही. ताठपणाचे मोजमाप, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, साध्या आणि उंची पोलादात जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास असतो. मिश्रधातूमुळे वाढते ती ताकद, आणि त्या ताकदीच्या भरवशावर भिंत पातळ ठेवून वजन वाचवता येते. ताठपणा हवा असेल तर व्यास वाढवावा लागतो: भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २८.६ वरून ३१.८ मिलिमीटर केला, तर वजन ११ टक्क्यांच्या आसपास वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध ३५ ते ४० टक्क्यांनी वाढतो.

कामाची सुरुवात होते ती मापांपासून. स्वाराच्या पायांची, धडाची आणि हातांची लांबी घेऊन कारागीर पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढतो. त्यात हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन विशेष जपावा लागतो. शर्यतीच्या सायकलीत तो ७३ अंश आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा पुढे आलेला बाक ४५ मिलिमीटर असेल, तर हँडलच्या अक्षाची रेषा जिथे जमिनीला भेटते, तिथून चाकाचा टेकण्याचा बिंदू सुमारे ५६ मिलिमीटर मागे राहतो. कोन ७१ अंश केला, की हेच अंतर ६८ मिलिमीटरवर जाते आणि सायकल सरळ रेषेत अधिक स्थिर, पण वळवायला जड होते.

नळी कापतानाही विचार करावा लागतो. जाड भाग टोकापासून मोजक्याच लांबीचा असल्यामुळे, लहान फ्रेमसाठी चुकीच्या टोकाकडून कापल्यास सांधा नेमका पातळ भिंतीवर येतो. कापलेले टोक मग अर्धगोल कानशीने घासून दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसेल असे खोलगट केले जाते. उजेडासमोर धरल्यावर फट दिसली, तर पुन्हा कानस हातात घ्यायची.

नळ्या जिथे एकत्र येतात तिथे 'लग' नावाचा पोलादी सांधा बसवतात. नळी आणि लग यांच्यातील फट साधारण ०.१ मिलिमीटर असावी, कारण कंदिलाची वात जशी तेल वर ओढते, तशी ही अरुंद फट वितळलेला धातू स्वतःच आत ओढून घेते. इथे पोलाद वितळत नाही. वितळते ते पितळ, सुमारे ९०० अंश सेल्सिअसला, किंवा भरपूर चांदी असलेला मिश्रधातू, साधारण ६५० अंशांना. मंदलाल रंगापर्यंतच तापवावे लागत असल्याने पातळ नळ्यांसाठी चांदी बरी, जरी ती महाग पडते. खेचून कठीण केलेले पोलाद फार तापले, की मऊ पडते. टोकांची जादा जाडी त्या नुकसानीची आधीच केलेली तरतूद आहे.

सांध्यावर आधी टाकणखारासारखा फ्लक्स, म्हणजे तापलेला धातू स्वच्छ ठेवणारा लेप, लावतात. तो पातळ होऊन काचेसारखा पारदर्शक झाला, की सांधा जवळपास तयार आहे असे समजावे. ज्योत आधी जाड लगवर, मग नळीवर. सळई एका कडेला टेकवायची आणि ज्योत हळूहळू दुसरीकडे न्यायची; वितळलेला धातू उष्णतेच्या दिशेने धावतो आणि समोरच्या कडेला चकाकणारी बारीक रेघ उमटली, म्हणजे तो आरपार पोहोचला. नळीच्या दोन्ही बाजू बंद असतील, तर प्रसरण पावणारी हवा हाच धातू बाहेर ढकलते, म्हणून लपलेल्या जागी आधीच छोटी भोके पाडून ठेवतात.

सांधा थंड होताना एका बाजूला अधिक आकसतो आणि फ्रेम वाकडी होते. म्हणून ती सपाट लोखंडी टेबलावर तपासून, लागलाच तर थंड अवस्थेतच जोर देऊन सरळ करतात. पुढे अपघातात एखादी नळी चेपली, तर सांधा पुन्हा तापवून तेवढीच नळी बदलता येते.