डिस्क इमेज

सीडी किंवा डीव्हीडीवरील सगळी माहिती तिच्या मूळ मांडणीसह एकाच फाइलमध्ये उतरवली की त्या फाइलला डिस्क इमेज म्हणतात. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर बूट होण्याची, म्हणजे तबकडीवरून संगणक सुरू करण्याची, सोय मागे राहते. इमेजमध्ये ती टिकते.

अशा फाइलच्या नावाचे सर्वांत रूढ एक्स्टेन्शन (शेवटचा भाग) ‘आयएसओ’. ते आयएसओ ९६६० या मानकावरून आले. मानकाचे मूळ १९८५ साली नेव्हाडातील हाय सिएरा हॉटेलात भरलेल्या उद्योगप्रतिनिधींच्या बैठकीत शोधले जाते. तेथील मसुद्यावरून एक्मा या मानकसंस्थेचे एक्मा-११९ (१९८६) आणि पुढे आयएसओ ९६६० (१९८८) सिद्ध झाले. मात्र हे मानक तबकडीवरच्या फाइल सिस्टिमचे (फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) आहे, इमेज फाइलचे नव्हे. त्यामुळे नाव उसनेच. यूडीएफ या वेगळ्या फाइल सिस्टिमच्या डीव्हीडीची इमेजही त्याच नावाने फिरते.

इमेजमध्ये नेमके काय असावे, याविषयी दोन मते आहेत. सीडीचा सेक्टर, म्हणजे तिच्यावरील माहितीचा एक ठोकळा, २,३५२ बाइटांचा असतो. डेटा सीडीच्या नेहमीच्या मोड १ मध्ये त्यांपैकी २,०४८ बाइट प्रत्यक्ष माहितीचे. बाकीचे समकालन, पत्ता आणि चूकदुरुस्तीचे. आयएसओत फक्त २,०४८ घेतात. उरलेले बाइट गणिताने पुन्हा काढता येतात, हा या पक्षाचा आधार. दुसरा पक्ष पूर्ण सेक्टर, शक्य तर सबचॅनलसह (सेक्टरसोबतच्या जादा नियंत्रण-माहितीसह), जपावा म्हणतो. साध्या डेटा सीडीपुरते पहिले मत पुरेसे वाटते. गाण्यांच्या सीडीत मात्र २,३५२ बाइट ध्वनीचेच असतात आणि व्हीसीडीच्या (व्हिडिओ सीडीच्या) चित्रपटात सेक्टरमागे २,३२४ बाइट माहिती. तेथे बिन-क्यू जोडीच (पूर्ण सेक्टरांची ‘बिन’ फाइल आणि ट्रॅकांची मांडणी सांगणारी ‘क्यू’ फाइल) घ्यावी लागते.

घरी बर्न केलेल्या सीडी-आरची एक खोड आहे. ट्रॅक-ॲट-वन्स (एका वेळी एक ट्रॅक) पद्धतीने लिहिलेल्या ट्रॅकच्या शेवटी दोन ‘रन-आउट’ सेक्टर राहतात. ते ट्रॅकच्या लांबीत धरले जातात, पण वाचता येत नाहीत. त्यामुळे सगळे सेक्टर क्रमाने उतरवणारी ‘डीडी’सारखी आज्ञा अगदी शेवटी त्रुटी दाखवते आणि धडधाकट तबकडी खराब ठरते. सोळाव्या सेक्टरमधील (मोजणी शून्यापासून) व्हॉल्यूम डिस्क्रिप्टरात (फाइल सिस्टिमच्या माहितीपत्रकात) नोंदलेल्या आकाराइतकेच सेक्टर वाचले की काम भागते. ड्राइव्ह पुढचे सेक्टर आगाऊ वाचू लागला आणि त्या दोन सेक्टरांवर अडखळला तर खरी माहितीही हातची जाते. म्हणून बर्न करतानाच शेवटी १५० रिकामे सेक्टर जोडण्याची पद्धत पडली.

फाइली आपापसांत वाटण्याची बिटटोरंट ही पद्धत (२००१) आल्यावर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या इमेजी त्यावरून वाटल्या जाऊ लागल्या. प्रत शाबूत आहे का, हे चेकसमवरून (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ताळ्याच्या आकड्यावरून) ताडतात. भारतीय प्रताधिकार कायद्याचे कलम ५२(१)(एए) संगणक प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला हानीपासून संरक्षणापुरती बॅकअप प्रत करू देते. ती प्रत इतरांना वाटण्याची मुभा त्यात नाही.