देवाची निवडलेली प्रजा (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

देवाने सगळ्या जगातून स्वतःसाठी वेगळे काढलेले लोक म्हणजे देवाची निवडलेली प्रजा. आता हे लोक नेमके कोण, इस्राएल (म्हणजे यहुदी लोक) की चर्च की दोघंही, यावर ख्रिस्ती धर्मशास्त्रात जवळजवळ दोन हजार वर्षं वाद चालू आहे. मराठीत निवडलेला वंश, देवाचे लोक, पवित्र राष्ट्र असे शब्द वापरतात. आपले प्रोटेस्टंट चर्चला मंडळी म्हणतात, वसईकडचे कॅथलिक ख्रिस्तसभा म्हणतात, आणि मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, त्याचा अर्थ 'बोलावून बाहेर काढलेले' असा लावतात, म्हणजे निवडीची भानगड नावातच आलीये.

सुरुवात अब्राहामापासून होते, यहुदी ज्याला आपला मूळपुरुष मानतात त्याच्यापासून. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात देव त्याला घरदार सोडून निघायला सांगतो आणि म्हणतो की तुझ्यामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल. बोलावलं एकालाच पण वाटा सगळ्यांचा, हे लक्षात ठेवा, पुढे सगळी ओढाताण यावरूनच आहे. मग निर्गम या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात सीनाय डोंगरापाशी देवाचा इस्राएलशी करार होतो, तुम्ही माझं याजकांचं राज्य व्हाल वगैरे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात तर देव स्पष्ट सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून निवडलं नाही, उलट तुम्ही सगळ्यांत कमी होता, माझं प्रेम होतं म्हणून निवडलं. आणि आमोस संदेष्टा म्हणतो, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांत देवाने फक्त तुम्हालाच आपलं मानलं, म्हणूनच तुमच्या पापांचा हिशेब तो तुमच्याकडून घेणार. आता याला लाड म्हणायचं का?

येशू स्वतः यहुदी, शिष्य यहुदी, त्यामुळे सुरुवातीला प्रश्नच नव्हता. प्रश्न आला तो यहुदी नसलेले लोक विश्वास ठेवून आत यायला लागले तेव्हा. यांची सुंता करायची का, खाण्यापिण्याचे नियम लावायचे का, म्हणजे आधी यहुदी करायचं आणि मग ख्रिस्ती? साधारण इ.स. ४९ च्या सुमाराला यरुशलेमात बैठक झाली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५) आणि ठरलं की सुंतेची सक्ती नाही. प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो की ख्रिस्ताचे झालात म्हणजे तुम्ही अब्राहामाचे वारसच झालात. पेत्राच्या पहिल्या पत्रात सीनायवर इस्राएलला दिलेल्या पदव्या सरळ ख्रिस्ती लोकांना दिल्यात, आणि त्याला होशेय संदेष्ट्याचं वाक्य जोडलंय: पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात.

मग मूळ इस्राएलचं काय? रोमकरांस पत्राचे ९ ते ११ हे तीन अध्याय यावरच खर्ची पडलेत. तिथे पौल जैतुनाच्या झाडाची उपमा देतो: काही मूळ फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानटी जैतुनाची फांदी कलम केली, ही रानटी फांदी म्हणजे बाहेरून आलेले आपण. कोकणातल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते कारण आपल्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात, खाली गावठी आणि वर चांगली जात, उलटं कोण करेल? पौलाने उलटंच केलंय, चांगल्या खोडावर रानटी काडी, आणि हे निसर्गाच्या विरुद्ध आहे हे तो स्वतः लिहितो. वर दम भरतो की मुळाला तू धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय, तेव्हा तोडलेल्या फांद्यांवर तोरा मिरवू नकोस, देव त्यांना परत जोडू शकतो. शेवटी म्हणतो की देव आपली देणगी आणि बोलावणं मागे घेत नाही. माझ्या मते या विषयावर नव्या करारात याहून खोल काही नाही.

पण तोरा मिरवलाच गेला. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुद्याशी संवाद लिहिला, त्यात ख्रिस्ती हेच खरे इस्राएल असं सांगितलं, आणि हळूहळू 'चर्चने इस्राएलची जागा घेतली' हेच जवळपास अधिकृत मत झालं. पुढे ऑगस्टिन हा बिशप म्हणाला यहुद्यांना मारू नका, ते जुन्या शास्त्राचे साक्षीदार आहेत, पण त्यांना मान असा दिलाच नाही, आणि युरोपात यहुद्यांचे जे हाल झाले त्याला या शिकवणीनेही खतपाणी घातलं. १६व्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याच्या परंपरेत प्रश्न जरा सरकला, कोणतं राष्ट्र यापेक्षा कोणता माणूस तारणासाठी निवडलेला यावर भर आला. २०व्या शतकात कार्ल बार्थ या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाने सगळंच फिरवलं, निवडलेला खरा एकच आणि तो येशू, बाकी सगळे त्याच्यात.

कॅथलिक चर्चचं वळण १९६५ चं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या नोस्त्रा एताते या जाहीरनाम्याचं. त्यात चर्चला देवाची नवी प्रजा म्हटलंय, तरी यहुदी देवाने टाकलेले किंवा शापित आहेत असं मांडू नये असंही स्पष्ट सांगितलंय, आणि पौलाचं कलमाचं झाड तिथे परत आलंय. दुसऱ्या टोकाला १९व्या शतकातल्या डार्बी या धर्मोपदेशकाचा विचार, इस्राएल वेगळं, चर्च वेगळं, दोघांसाठी देवाचे दोन प्लॅन. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधून, म्हणजे टिपा घातलेल्या बायबलमधून, तो जगभर पसरला.

भारतात अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्र मांडलं, त्यात 'लोक नव्हता ते देवाचे लोक झाला' ही ओळ कळीची आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या तोंडी तिचा अर्थच बदलतो.

मुंबईत मात्र हा वाद नुसता पुस्तकी राहिलाच नाही कारण इथे मराठी बोलणारं इस्राएल शेजारीच राहत होतं. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी, लोकांच्या तोंडी शनिवार तेली, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आपलीच. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ चं, मस्जिद बंदर भागात, आणि स्टेशनच्या नावातली मशीद म्हणजे हे सिनेगॉगच असं बरेच जण सांगतात. १८१३ पासून अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८२९ ला स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले, त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. पाद्र्यांना वाटलं की मूळ फांदीच हाताशी लागली, आता ती ख्रिस्तात जोडायची. शाळा निघाल्या, जुना करार मराठीत मिळाला, मुलं हिब्रू शिकली, पण ख्रिस्ती फार थोडे झाले, उलट बाकीचे आणखी पक्के यहुदी झाले. पुढे यातले बहुतेक इस्राएलला गेले आणि तिथल्या रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) लग्नाच्या वेळी विचारायला सुरुवात केली की तुम्ही नक्की यहुदी का? आंदोलन झालं, १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे पूर्ण यहुदीच आहेत. मुंबईच्या पाद्र्यांना ती शंका कधी आलीच नव्हती.