उकळत्या पाण्याने कॉफी जळत नाही

उकळतं पाणी कॉफी जाळतं, म्हणून पोर-ओव्हरसाठी (फिल्टरमधल्या कॉफी पुडीवर वरून हळूहळू पाणी ओतून कॉफी करायची पद्धत) तापमान दाखवणारी महागडी किटलीच हवी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. बिया भाजताना 200 अंश सेल्सिअसच्या आसपास जातात. त्यांना 100 अंशांचं पाणी काय जाळणार? शिवाय बारीक धारेतलं पाणी फिल्टरमध्ये पोचेपर्यंत काही अंश उतरलेलं असतं. हलक्या भाजणीला तर नुकतं उकळलेलं पाणीच मानवतं. गडद भाजणी मात्र त्यात कडवट उतरते. तिथे झाकण काढून दोनेक मिनिटं थांबा, बास.

पैसे घालायचेच तर किटलीच्या पाणी ओतायच्या नळीसाठी घाला. नळी तळाजवळून निघालेली आणि तोंडाशी अरुंद असावी. घेण्याआधी जमलं तर पाणी भरून तिरकी करून बघा: सेकंदाला 4-5 ग्रॅमची धार न तुटता पडली पाहिजे. रुंद तोंडातून पाणी भसकन पडतं, कॉफीत खड्डा होतो, पाणी त्याच वाटेने निसटतं आणि कप एकाच वेळी आंबट नि कडू लागतो.

15 ग्रॅम कॉफीला 250 ग्रॅम पाणी लागतं, तेव्हा 600 ते 800 मिलीची किटली पुरते. लिटरभर पाण्याने मनगट थकतं, धार थरथरते. आणि काठोकाठ भरू नका; किटली जराशी कलली की पाणी भपकन येतं.