गिरणगावातील आरंभीचे कामगारजीवन

मुंबईच्या कापडगिरण्यांत साधारण १८५६ ते १९३० या काळात राबलेल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांचे जीवन. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि ताडदेवची त्यांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरला आणि ‘गिरणगाव’ हे नाव रूढ झाले.

कामगार मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरच्या सातारा, पुणे भागांतून आले. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, उत्तर हिंदुस्थानातले मोमीन आणि तेलुगू पद्मशाली असे पिढीजात विणकरही होते. मराठी माणूस मात्र बहुधा शेतकऱ्याच्या घरचा. त्याने माग नव्हे, नांगर सोडला, आणि तोही अर्धवटच. गावची जमीन बायको कसे, तो मनीऑर्डर धाडी आणि शिमग्या-गणपतीला घरी जाई.

सर्वांत मोठा बदल वेळेचा. शेतात राबणे कमी नव्हते, पण तिथे पेरणी-कापणीच्या मध्ये उसंत मिळे. इथे भोंगा झाला की फाटकातून आत. दिवे नव्हते तोवर काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. म्हणजे दिवस मोठा तशी पाळी मोठी, उन्हाळ्यात चौदा तासांपर्यंत. विजेच्या दिव्यांनी सूर्यास्ताची ही सोयही काढून घेतली आणि काही गिरण्या पंधरा तास चालू लागल्या. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, हा त्यातला दिलासा! १८९१ मध्ये स्त्रियांसाठी अकरा तास ठरले. पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडले.

कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्याच होत्या : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पगार उशिरा होत असल्याने दाणागोटा वाण्याकडून उधारीवर येई. नोकरी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हाती. त्याला दस्तुरी (लाच) द्यावी लागे. नाही दिली तर बदली (गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला) म्हणून रोज सकाळी फाटकापाशी ताटकळणे. वाइंडिंग, रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांतल्या बायकांवर नायकीण, म्हणजे बाई-मुकादम, असे. एका गावचे लोक मिळून चाळीत एक खोली घेत. भिंतीकडेला ज्याची त्याची पेटी, वळकटी, जेवण खानावळीत, झोपायला जागा पुरली नाही तर गॅलरी किंवा रस्ता.

गिरणीत जात विरघळली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. कांडीवरचे सूत संपले की विणकर धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचे टोक ओढून घेई. या उष्ट्याचे कारण पुढे करून अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नसत. पगार तिथेच जास्त होता, हे विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९७ च्या सुरुवातीपर्यंत निम्मी मुंबई रिकामी झाली. कामगार गावी पळाले, सूत कातणारी चाती थांबली. मग मागे राहिलेल्यांना ओढण्यासाठी गिरण्यांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून चढे दर पुकारू लागली, आणि एरवी दीड-दीड महिना अडकणारा पगार रोजच्या रोज संध्याकाळी हातावर पडू लागला. साथ ओसरल्यावर मालकांनी ही रोजची रोकड बंद करायला घेतली, तेव्हा कामगार सहजासहजी ऐकेनात.