टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवले की गळती थांबते का?

पुण्याच्या बोहरी आळीत नळ घ्यायला गेलं की कुणीतरी सांगतंच, "टेप भरपूर गुंडाळा, चिकटून घट्ट बसते." वर्षानुवर्षं चालत आलेला हा सल्ला चुकीचा आहे. टेप चिकटत नाही! १९३८ साली रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडलेला टेफ्लॉन हा पदार्थ इतका निसरडा, की नॉनस्टिक तव्यांना तोच लावतात. जोडात टेपचं काम वंगणाचं: पाइपाचे आटे (पिळाच्या खाचा) टोकाकडे निमुळते असतात, टेपमुळे ते आणखी आत फिरतात आणि उरलेली बारीक फट ती भरते. पूर्वी हेच काम सूत आणि सफेदा (पांढरी लेपासारखी पेस्ट) करायचे.

साध्या अर्धा इंची नळाला तीन ते पाच वेढे पुरतात, तेही नळ पिळायच्या दिशेनेच. उलटे दिलेत तर बसवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. पंधरा वेढे देऊन पान्याने आवळलं, की एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडाला, बारीक उभी चीर जाऊ शकते. भिंतीतला एल्बो असेल तर टाइल फोडावी लागते, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

हेल्थ फॉसेटच्या (टॉयलेटमधल्या हाती फवाऱ्याच्या) नळीला तर टेप नकोच. तिथे पाणी रबरी वॉशर अडवतो, तोच बदला.