विचारलं की नुसतं कळवलं? सामाईक नदीवरच्या धरणांची पार्श्वभूमी

दोडामार्गात जिला आपण तिलारी म्हणतो, ती नदी हद्द ओलांडून गोव्यात गेली की शापोरा होते. धरण सिंधुदुर्गात आणि कालवे थेट गोव्यापर्यंत. त्यासाठी १९९० मध्ये दोन्ही राज्यांनी करार केला. त्याच तालुक्यातल्या विर्डीचं धरण मात्र अडकलं. तिथलं पाणी वाळवंटीतून म्हादईच्या खोऱ्यात जातं. गोव्याने हरकत घेतली आणि प्रश्न म्हादई लवादापुढे गेला. २०१८ च्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १.३३ टीएमसी पाणी आलं. एकाच तालुक्यातली दोन धरणं, पण एकाआधी बोलणी झाली आणि दुसऱ्यानंतर भांडण.

ही भांडणं निदान एका देशातली. वर लवाद असतो, सर्वोच्च न्यायालय असतं. नदी देशाची सीमा ओलांडते तेव्हा वरच्याने खालच्याला विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर सव्वाशे वर्षं वाद चालू आहे.

वरच्याची बाजू सर्वांत उघडपणे मांडली ती अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी, १८९५ मध्ये. सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीचं पाणी वरच उचललं जातं अशी मेक्सिकोची तक्रार होती. आपल्या हद्दीतल्या पाण्याचं आपण काहीही करू, शेजाऱ्याचं देणं लागत नाही, असा हार्मन यांचा अभिप्राय. अमेरिकेलाही तो फार काळ पाळवला नाही, १९०६ मध्ये करार करून मेक्सिकोला पाणी द्यावंच लागलं.

खालच्याची बाजू १९५७ मध्ये लवादापुढे आली. लानू हे तळं फ्रान्समध्ये, त्याचं पाणी कारोल नदीतून स्पेनला जातं. फ्रान्सला ते विजेसाठी दुसरीकडे वळवायचं होतं, आणि तेवढंच पाणी बोगद्यातून कारोलला परत द्यायची तयारी होती. आमच्या संमतीशिवाय नको, असं स्पेनचं म्हणणं. निवाडा फ्रान्सच्या बाजूने लागला. शेजाऱ्याशी प्रामाणिकपणे बोलणी करा, त्याचं हित ध्यानात घ्या, पण त्याने होकार दिलाच पाहिजे असं नाही. सल्लामसलत आणि संमती या दोन शब्दांची फारकत तिथे झाली. पुढचे सगळे तंटे त्याच फटीतून निघाले आहेत.

आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या काठावर ही फट सर्वांत रुंद झाली. लाओस, थायलंड, कंबोडिया आणि तेव्हाचा दक्षिण व्हिएतनाम यांनी १९५७ मध्येच मेकाँग समिती स्थापन केली होती. १९७५ च्या त्यांच्या जाहीरनाम्यात मुख्य प्रवाहातल्या पाण्यासाठी इतरांची पूर्वसंमती लागेल असं म्हटलं होतं, म्हणजे प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार. नंतर ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात कंबोडिया बाहेर पडला. १९९० च्या दशकात पुन्हा एकत्र यायची वेळ आली तेव्हा थायलंड अडून बसला. ईशान्येकडच्या कोरडवाहू भागात मेकाँगचं पाणी न्यायचं असताना तिघांची परवानगी कोण मागत बसणार? ५ एप्रिल १९९५ ला चिआंग राय इथे नवा करार झाला. त्यात ‘संमती’ गेली आणि ‘पूर्वसल्लामसलत’ आली. कराराने सावधपणे दोन्ही टोकं बांधली: हा नकाराधिकार नाही, आणि इतरांचे हक्क न बघता पाणी वापरण्याची एकतर्फी मुभाही नाही. मधलं काय, ते ज्याने त्याने ठरवावं! चीन तर या करारात नाहीच. वरच्या अंगाला त्याची धरणं तेव्हाच उभी राहू लागली होती.

परीक्षा झाली ती लाओसच्या सायाबुरी धरणात. १,२८५ मेगावॉटचा प्रकल्प, वीज बहुतेक सगळी थायलंडला. २०१० च्या सप्टेंबरात लाओसने प्रस्ताव १९९५ च्या करारातून आलेल्या मेकाँग आयोगापुढे ठेवला आणि सहा महिन्यांची मुदत सुरू झाली. एप्रिल २०११ मध्ये चौघांचं एकमत झालं नाही. व्हिएतनाम म्हणाला, दहा वर्षं थांबा. सल्लामसलत चालू असतानाच तिकडे धरणाच्या जागी रस्त्यांची कामं मात्र सुरू होती. डिसेंबरात मंत्र्यांनी आणखी अभ्यास हवा असं ठरवलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये कामाचा रीतसर शुभारंभ झाला, आणि २०१९ मध्ये वीज सुरू झाली.

विचारण्याचा काहीच उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही. आक्षेपांमुळे लाओसने आराखडा बदलला, गाळ सोडायची दारं वाढवली, माशांना वर जायची वाट सुधारली. पहिल्या पावसात व्हाळात चढणीचे मासे धरणाऱ्या आपल्या लोकांना मोठा बांध म्हणजे काय ते सांगायला नको. मेकाँगमध्ये त्या चढणीवर लाखोंचं पोट आहे. पावसाळ्यात नदी इतकी फुगते की कंबोडियातली तोन्ले साप नदी उलटी वाहून तळं भरते. आपल्या खाडीत भरती दिवसातून दोनदा चढते, तिथे ती वर्षातून एकदा.

पुढे डॉन साहोंग धरणाच्या वेळी लाओसने वेगळाच पवित्रा घेतला. धरण कंबोडियाच्या सीमेला अगदी लागून, पण नदीच्या एका फाट्यावर, म्हणून नुसतं कळवलं तरी पुरे, असं २०१३ मध्ये सांगितलं. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर २०१४ मध्ये सल्लामसलतीला होकार दिला. धरण झालंच.

संयुक्त राष्ट्रांनी १९९७ मध्ये सामाईक नद्यांसाठी करार मंजूर केला. मोठ्या कामाआधी शेजाऱ्याला कळवून सहा महिने थांबायचं, असं त्यात आहे. १०३ देश बाजूने, तीन विरोधात: चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. भारत तटस्थ राहिला. ब्रह्मपुत्रेवर आपण चीनच्या खाली आहोत आणि गंगेवर बांगलादेशाच्या वर. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यावरचा, बांगलादेशाशी केलेला ३० वर्षांचा गंगा करार १२ डिसेंबर १९९६ चा, त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते.